आधी मुक्कामाची उंची ठरवा, मग ठिकाणं

परीक्षा उरकत आल्या आणि ऑफिसात सुट्ट्यांचे अर्ज पडायला लागले की आपल्या या सदराकडे लडाख आणि स्पितीचे प्रश्न सुरू होतात. यंदाच्या पत्रांमधली एक गोष्ट मला फार आवडली, बहुतेकांना तयार टूर नकोय, मित्रमैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून ट्रेन, सरकारी बस आणि शेअर जीप असं जमिनीवरूनच जायचंय. जरूर जा. फक्त सगळ्या पत्रांमध्ये बघायच्या ठिकाणांची यादी आहे आणि रात्री झोपणार त्या जागेची उंची एकाही पत्रात नाही, म्हणून यावेळी उत्तरांमध्ये तीच गोष्ट परत परत येईल.

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण, सगळे सिंहगड रोडचे, कॉलेजपासूनचे मित्र. १२ दिवसांची सुट्टी आहे. झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून बसने मनाली, मग सरचूला टेंटमध्ये एक रात्र, लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी आणि परत मनालीमार्गे पुणे. बसेल ना एवढ्यात?

उत्तर: कागदावर बसतंय, शरीराला झेपणार नाही. तुमच्याच प्लॅनमध्ये उंच्या टाकून बघा. पुणे साधारण ५६० मीटरवर, मनाली २०५० च्या आसपास आणि सरचू जवळजवळ ४३००. म्हणजे सकाळी मनालीत उठलेला माणूस त्याच रात्री २२०० मीटर वर जाऊन झोपणार. डॉक्टर मंडळी सांगतात तो हिशोब असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस जागच्या जागी काढायचा. तुम्ही चार रात्रींचा चढ एका दिवसात उरकताय.

यात झोपायची उंची हाच शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा ५००० मीटरची खिंड ओलांडली आणि तासा-दोन तासांत खाली उतरलात तर शरीर ते बऱ्यापैकी निभावून नेतं, पण झोपेत श्वास आपोआप मंदावतो, मधेच काही सेकंद थांबतो, मग दचकून सुरू होतो, रक्तातला ऑक्सिजन दिवसापेक्षा अजून खाली जातो आणि विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे. सरचूला त्या वेळी टेंटच्या बाहेर काळोख, थंडी आणि दोन्ही बाजूंना खिंडी. मनालीकडे परतायचं तरी आधी ४८९० मीटरचा बारालाचा चढावा लागतो आणि लेहच्या दिशेला तर त्याहून उंच खिंडी आहेत, म्हणजे आजारी माणसाला खाली न्यायला आधी वरच न्यायचं. म्हणून सरचूचा मुक्काम पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काढूनच टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे, टेंटचे फोटो कितीही सुंदर असोत.

मनालीमार्गेच जायचं असेल तर हिमाचल परिवहनची दिल्ली-लेह बस बघा. उन्हाळ्यात रस्ता उघडला की ती सुरू होते आणि रात्रीचा मुक्काम केलाँगला करते, केलाँग ३०८० मीटर. पहाटे निघून बारालाचा, नकी ला, लाचुंग ला आणि ५३२८ मीटरचा तांगलांग ला अशा चारही खिंडी दिवसाउजेडी ओलांडून संध्याकाळी लेहला उतरवते. हाडं खिळखिळी होतात, पण झोपता केलाँगला आणि मग एकदम लेहला, ३५०० मीटरवर. केलाँगला एक रात्र जास्त काढून दुसऱ्या दिवशीची बस धरली तर फारच उत्तम. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनाली-केलाँग फारच सोपं झालंय, त्यामुळे बराच वेळ वाचतो, तो केलाँगला घाला.

मला स्वतःला मात्र तुमच्यासाठी श्रीनगरचा रस्ता बरा वाटतो. झेलम तशीही पुढे जम्मूतवीलाच जाते. श्रीनगर १५८५ मीटर, वाटेत ३५२८ मीटरचा झोजिला लागतो पण रात्र कारगिलला, २६७६ मीटरवर, आणि श्रीनगर-लेह सरकारी बससुद्धा रात्री कारगिललाच थांबते. दुसऱ्या दिवशी फोटू ला ४१०८ मीटर, हीच त्या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा, आणि मग लामायुरूचा मठ बघत लेह. चढ हळूहळू येतो, शरीराला वेळ मिळतो. निघायच्या आठवड्यात काश्मीरमधली परिस्थिती आणि झोजिलाच्या वाहतुकीच्या वेळा तेवढ्या बघून घ्या.

लेहला पोचल्यावर पूर्ण ४८ तास कुठेही वर जायचं नाही, तिथलं प्रशासनही हेच सांगतं. तुमच्या यादीत दुसऱ्याच दिवशी खारदुंगला आहे, ५३५९ मीटर, तो चौथ्या दिवसावर टाका. वर पंधरा मिनिटं थांबून सरळ नुब्रात उतरायचं. नुब्रा ३१०० च्या आसपास म्हणजे लेहपेक्षाही खाली, तिथे झोप छान लागते. पँगाँगला मुक्काम ४२५० मीटरवर होतो, तो नुब्रानंतर आणि सगळे ठणठणीत असतील तरच. त्सो मोरीरी ४५०० च्या वर, तो यावेळी सोडा. आणि एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला दरड कोसळली की दीड-दोन दिवस गाड्या जागच्या हलत नाहीत, परतीचं तिकीट घट्ट काढलं असेल तर मग लोक रात्रीची धोकादायक गाडी पकडतात. जमत असेल तर जाताना जमिनीवरून आणि येताना लेहहून विमानाने या, खाली येताना काही त्रास नसतो.

प्रश्न: मी हडपसरला राहते, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढते, कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक झालाय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय. सप्टेंबरमध्ये मैत्रिणींबरोबर लडाखला जातोय. मला विरळ हवेचा त्रास होणार नाही ना? आणि सॅकमध्ये काय घेऊ?

उत्तर: तुझे पाय तयार आहेत, ते उपयोगी पडणारच. पण त्रास होईल की नाही हे त्यावरून ठरत नाही. सिंहगड १३०० मीटर, अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६, आणि विरळ हवेचा त्रास साधारण २५०० च्या वर सुरू होतो, म्हणजे सह्याद्रीत कितीही भटकलीस तरी तुझ्या शरीराची ही परीक्षा झालेलीच नाही. हवेतला ऑक्सिजनचा वाटा वरही २१ टक्केच असतो पण हवेचा दाबच कमी, लेहला समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के, खारदुंगलाला निम्म्याच्या आसपास, त्यामुळे एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजनच कमी होतो. याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात आणि तो वेग ज्याचा त्याचा असतो, जिमवाल्याचा कमी आणि आजीचा जास्त असंही होतं.

उलट फिट मुलामुलींचा एक वेगळाच धोका मी बघत आलेय. पहिल्या दिवशी दम लागत नाही म्हणून ते दुपारीच शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतात, संध्याकाळी बाजारभर भटकतात, आणि रात्री डोकं ठणकायला लागतं. तर पहिले दोन दिवस तू सगळ्यात हळू चालणारी हो. पाणी नेहमीसारखं भरपूर पी, पण पाच-सहा लिटर रेटून पिऊ नकोस, त्याने त्रास टळत नाही. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही बंद, दोन्हीने झोपेतला श्वास अजून मंदावतो.

डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीचं विचारलं नाहीयेस पण कोणीतरी सांगेलच. गोळी खरी आहे, तिच्यामुळे मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो, म्हणजे शरीर जे चार दिवसांत करणार ते जरा लवकर होतं. बोटांना मुंग्या येतात, सारखं बाथरूमला जावं लागतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मैत्रिणीच्या पाकिटातली घेऊ नकोस, स्वतः डॉक्टरांकडे जाऊन डोस लिहून घे.

सॅक दहा किलोच्या आत ठेव. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. आत थर्मल, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट असे थर कर, कारण उन्हात टीशर्टवर बसशील आणि ढग आला की दहा मिनिटांत हुडहुडी भरेल. दर हजार मीटरला ऊन दहा टक्क्यांच्या वरच प्रखर होत जातं, तेव्हा चांगला गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांना लावायचं काहीतरी, यात काटकसर करू नकोस. बूट नवे असतील तर आत्तापासून पर्वती, वेताळ टेकडीला तेच घालून जा.

प्रश्न: तिकडे फोन आणि पैशांचं काय करायचं? (एक वाचक, वाकड)

उत्तर: जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, ग्रुपमध्ये निदान दोघांकडे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं असू द्या. स्पितीत प्रीपेड चालतं पण काझा सोडलं की रेंजचा भरवसा नाही. यूपीआय रेंज असेल तिथेच, त्यामुळे रोख घेऊन निघा आणि ग्रुपमध्ये वाटून ठेवा. नुब्रा-पँगाँगकडे जाताना भारतीयांनासुद्धा पर्यावरण शुल्क भरायला लागतं, त्याची पावती छापून दोन-तीन प्रती काढा, नियम बदलत राहतात म्हणून निघायच्या आठवड्यात परत बघा.

प्रश्न: माझा मुलगा मित्रांबरोबर पहिल्यांदाच इतक्या लांब चाललाय. मी त्याला कापराची पुडी, लसणाच्या पाकळ्या आणि ऑक्सिजनचे दोन कॅन देतेय. खायला काय देऊ? तिथे वरणभात मिळतो का हो? (सदाशिव पेठ)

उत्तर: काकू, कापूर द्या, वास चांगला वाटतो, नाक मोकळं झाल्यासारखं होतं. पण त्याला एवढं मात्र नक्की सांगा की कापराने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. मला काळजी कापराची नाहीये, काळजी याची आहे की डोकं दुखायला लागल्यावर मुलं रात्रभर कापूर हुंगत बसतात आणि डॉक्टरांकडे जायचं राहून जातं. लसणाचंही तेच. कॅनमधला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, त्यावर रात्र निघत नाही. त्या पैशात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर द्या, लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० असा आकडा बऱ्याच जणांचा येतो, तो बघून घाबरू नका, आकड्यापेक्षा लक्षणांकडे बघायचं. डोकेदुखी वाढतेय, उलट्या होतायत, तर आकडा चांगला असला तरी वर जायचं नाही.

वरणभाताचं छान विचारलंत. हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, पुण्यात ९८ अंशांना तर लेहला ८८ च्या आसपास आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगसारख्या ठिकाणी ८५ ला. उकळतंय असं दिसतं पण तेवढं गरम नसतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास कच्चीच राहते. तिथे घरोघरी आणि ढाब्यावर कुकर असतो, राजमा-चावल, डाळभात सगळीकडे मिळतो. आणि त्याला सांगा, थुक्पा खा, गरम सूप, नूडल्स, भाज्या, त्या थंडीत त्याच्यासारखं काही नाही. लडाखी खमीर रोटी आणि मिठाचा लोण्याचा चहासुद्धा एकदा पिऊन बघायला सांगा, पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्या दिवशी हवासा वाटतो.

वर भूक मरते, तेलकट नको वाटतं. म्हणून राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मेतकूट, गरम पाणी ओतून होणारे पोहे असं द्या. बाकरवडी द्यायचीच असेल तर डब्यात, फुगवलेल्या पाकिटात नको, कारण खिंडीवर बाहेरचा दाब कमी होऊन पाकीट टम्म फुगतं आणि कधी कधी फुटतं. लोणच्याच्या बाटलीचं झाकण घट्ट असलं तरी तेल बाहेर येतं, तेव्हा लोणचं राहू द्या, दाण्याची चटणी बरी. आणि रोज रात्री फोन आला नाही तर रेंज नसेल असं आधी समजा, त्याच्या मित्रांपैकी दोघांचे नंबर मात्र घेऊन ठेवा.

प्रश्न: ताई, हे जरा अवघड आहे. मागच्या वर्षी आम्ही चार मित्र स्पितीला गेलो होतो. काझाला पोचल्यावर आमच्यातल्या एकाचं डोकं दुखत होतं, रात्री दोनदा उलटी झाली, तो म्हणाला ॲसिडिटी आहे, तुम्ही जा. चंद्रताल तलावाजवळच्या कॅम्पचे पैसे भरलेले होते, आम्ही तिघं गेलो, तो होमस्टेमध्ये एकटा राहिला. दुपारनंतर त्याची अवस्था बिघडली आणि होमस्टेवाल्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. आता तो एकदम बरा आहे पण आमच्याशी बोलत नाही. आम्ही त्याला विचारूनच गेलो होतो. आमचं चुकलं का? यावर्षी परत जायचं घाटतंय.

उत्तर: हो, चुकलं. हे स्पष्ट सांगतेय कारण तुम्हाला परत जायचंय आणि हे तसंच मनात ठेवून गेलात तर पुन्हा होईल.

त्याला विचारून गेलात हे खरं, पण उंचीवर आजारी माणसाचं "मी ठीक आहे" हे उत्तर धरायचंच नसतं. एक कारण शरीराचं, विरळ हवेचा त्रास वाढून मेंदूला सूज यायला लागली की स्वतःची जाणच जाते, माणूस चिडचिड करतो, गप्प होतो, मला एकट्याला सोडा म्हणतो, आणि बाकीच्यांना वाटतं की याला झोप हवीये. दुसरं कारण आपल्या मैत्रीचं. चौघांनी वर्षभर पैसे साठवलेत, सुट्टी मुश्किलीने जुळलीये, अशावेळी माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप बोंबलली हे कोणालाच नको असतं, म्हणून तो ॲसिडिटी म्हणाला. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, तुम्ही सुटावं म्हणून त्याने तुम्हाला वाट काढून दिली आणि तुम्ही ती लगेच घेतलीत, त्याला तेच लागलं असणार.

आधी त्याच्या घरी जा. व्हॉट्सॲपवर नको. कॅम्पच्या पैशांचं, तूच जा म्हणालास वगैरे काहीही सांगू नका, फक्त चुकलं म्हणा आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्या.

आता यावर्षीचं. ही बोलणी पुण्यातच, निघायच्या आधी, चहाला बसून करायची, कारण वर गेल्यावर सगळे दमलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःला हवं तेच योग्य वाटतं. डोकं दुखणं लपवायचं नाही, म्हणून रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी प्रत्येकाने प्रत्येकाला मोठ्याने विचारायचं, डोकं? मळमळ? झोप? चक्कर? सगळ्यांनाच विचारलं की कोणा एकाला आजारी असल्याची लाज वाटत नाही. नुसतं डोकं दुखत असेल तर त्या दिवशी अख्ख्या ग्रुपने वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आराम, साधं खाणं, बहुतेक वेळा एका दिवसात उतरतं. उलट्या किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर खाली. आणि चालताना झोक जात असेल, म्हणजे फरशीच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून दहा पावलं टाकता येत नसतील, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला, ओठ निळसर, छातीत घुरघुर, तर रात्रीचे दोन वाजलेले असू देत, सकाळची वाट बघायची नाही, गाडी करून पाचशे-हजार मीटर तरी खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा. लेहला सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटलमध्ये असे पेशंट रोजचे असतात. वाटेत त्याला एकट्याला गाडीत बसवून द्यायचं नाही, एकाने बरोबर जायचंच, आणि तो एक कोण हेही पुण्यातच ठरवायचं.

आणि पैसे. तुम्ही टीटीएमएमवाले असाल, तसं असलं तरी एका गोष्टीला सामायिक काँट्री काढा, ती म्हणजे कोणाला खाली आणायला लागली तर जीप आणि दवाखाना. निघतानाच प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची आणि ते पाकीट वेगळं ठेवायचं. एकट्याने चार-पाच हजारांची जीप करायची म्हटली की पोरं सकाळपर्यंत कळ काढतात, पैसे आधीच काढलेले असले की काढत नाहीत. बुकिंगचंही तसंच, चंद्रतालसारख्या ४३०० मीटरवरच्या जागेचे पैसे आगाऊ भरू नका, भरलेच तर ते बुडाले असं समजून भरा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त ते खटकलं, कॅम्पचे पैसे भरलेले होते म्हणून तुम्ही गेलात.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा, औंधला राहतो, बीपीची गोळी चालू आहे, नियंत्रणात आहे. आमच्या टेकडीवरच्या ग्रुपमधले सहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, बसने स्पिती करावं म्हणतोय. मुलं वेड्यात काढतात. जावं का?

उत्तर: काका, जा. तुमच्याकडे तरुणांकडे नसतो तो वेळ आहे आणि उंचीवर वेळच उपयोगी पडतो. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, किती मीटरवर किती रात्री झोपणार हे लिहून न्या, नुसतं हिमाचलला चाललोय एवढं सांगू नका. पहिल्या काही दिवसांत वर बीपी वाढू शकतो, गोळी मनाने बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही जुना त्रास असेल तर डॉक्टर नाही म्हणाले की नाही.

रस्ता सिमला-किन्नौरचा घ्या, मनालीचा नको. नारकंडा २७०० मीटर, मग कल्पा २९६०, तिथे दोन रात्री, समोर किन्नर कैलास. पुढे नाको ३६६० वर आहे, तिथे तळं बघा, चहा घ्या पण झोपायला ताबोला उतरा, ३२८०. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंतींवर आतून हजार वर्षांची चित्रं आहेत, तिथे घाई करू नका, दोन रात्री राहाल तर उंचीची सवयही होईल. मग काझा, ३७०० च्या आसपास. हिक्कीम, कोमिक, लांगझा ही गावं दिवसा बघून रात्री काझाला परत. रेकाँगपिओहून काझाला सरकारी बस जाते, खिडकीची सीट धरा.

परत त्याच रस्त्याने या. कुंझुम खिंडीमार्गे मनालीला उतरायचा मोह होईल, पण बातालच्या पुढचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि नाले रस्त्यावरूनच वाहतात. वरचा बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळतो म्हणून दुपारी पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता गाडी अडवतो. जायचंच झालं तर काझाहून पहाटे निघा.

प्रश्न: मी आठवीत आहे, चिंचवडला राहतो. बाबा लडाखला नेणार आहेत. तिथे बर्फ पडतो तरी त्याला वाळवंट का म्हणतात?

उत्तर: वाळवंट ठरतं ते पाऊस किती पडतो त्यावरून, गरम किती त्यावरून नाही. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. याचं कारण तुला महाराष्ट्रातच बघायला मिळेल. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पूर्वेला थोडं पुढे गेलं की माणदेशात ५०० मिलिमीटरसुद्धा मुश्किलीने, कारण ढग सह्याद्री चढताना पश्चिमेलाच रिकामे होतात. लडाखमध्ये सह्याद्रीच्या जागी हिमालय आहे, पाच-सहा हजार मीटरची भिंत, पलीकडे ढग पोचतच नाहीत म्हण ना. तिथली शेती पावसावर नाही, वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर होते, म्हणून वसंतात पाणी कमी पडू नये यासाठी चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात पाणी गोठवून ठेवायचे कृत्रिम हिमनद बांधले आणि पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे उंच स्तूप केले, बाबांना ते नक्की दाखवायला सांग. आणि पाऊसच नाही म्हणून घरं मातीची, सपाट छपरांची, त्यामुळे ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा फार मोठी हानी झाली.

तू पाहुणा म्हणून जाशील तेव्हा बादलीभर पाण्यात आंघोळ कर, रोज नाही केलीस तरी तिथे चालतं. काही घरांत पाणी न वापरायचा कोरडा संडास असतो, वर माती टाकायची, त्याचं नंतर शेताला खत होतं, नाक मुरडू नकोस. आणि रस्त्यात मोठ्या खारीसारखे गुबगुबीत मार्मोट दिसतील, त्यांना बिस्किटं घालू नकोस, सवय लागली की ते गाड्यांखाली येतात.

प्रश्न: लडाख, स्पिती दोन्ही झालंय. आता आम्हा तिघी मैत्रिणींच्या डोक्यात पामीर हायवे आहे. पुण्यापासून जमिनीवरून जाता येईल? (कोथरूड)

उत्तर: सलग जमिनीवरून नाही. मधे पाकिस्तान किंवा तिबेट ओलांडायला लागतो आणि आपल्या पासपोर्टवर बॅकपॅकिंगसाठी दोन्ही वाटा बंदच धरा, अटारीची सीमा तर एप्रिल २०२५ मध्ये बंद केली गेली. तेव्हा दिल्लीहून मध्य आशियापर्यंत विमान आणि तिथून पुढे रस्ता.

हायवे म्हणजे एम ४१, ताजिकिस्तानातल्या दुशांबेपासून किर्गिझस्तानातल्या ओशपर्यंत. सगळ्यात उंच खिंड अक बैताल, ४६५५ मीटर, म्हणजे तुम्ही ओलांडलेल्या तांगलांग ला पेक्षा बरीच खाली, पण मुक्कामांकडे बघा. ओश जेमतेम १००० मीटरवर, तिथून सारी ताश ३१७० आणि मग काराकुल तलाव ३९०० च्या वर, उड्या फार मोठ्या. दुशांबेकडून आलात तर खोरोग २१०० च्या आसपास, तिथे दोन रात्री काढता येतात, मग पूर्वेला मुर्गाब ३६०० च्या वर, मग काराकुल, असा चढ त्यामानाने हळूहळू मिळतो. म्हणून दुशांबेहून सुरू करा. ताजिक व्हिसाबरोबर गोर्नो-बदख्शान या तिथल्या पामीरच्या प्रांताचं वेगळं परमिट लागतं, ते अर्ज करतानाच मागा, आणि किर्गिझ हद्दीचं नाकं त्या महिन्यात उघडं आहे का याची खात्री झाल्याशिवाय ओशहून परतीचं विमान काढू नका. तिथे बस जवळजवळ नाहीतच, शेअर जीप असतात आणि त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत, तिघी आहात तर चौथी सीटही तुम्हीच घ्या, पैसे थोडे जास्त जातील पण वाटेत कुठे थांबायचं हे तुम्हाला सांगता येईल.